वाढत्या पायाचे बूट

गेल्या दिवाळीत आम्ही चाकूरला बहिणीकडे गेलो होतो. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. बहीण जवळच्याच एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. फराळ झाल्यावर तिने आमच्यासमोर एक बूट आणून ठेवला. भाची जूनमध्ये पहिलीत गेली, तेव्हा घेतलेला. दुकानदाराने सांगितले होते, "ताई, वाढत्या पायाचे घ्या. दोन वर्षं बघायचं काम नाही." म्हणून दोन नंबर मोठे घेतले, पुढे कापूस कोंबला. पाच महिन्यांत बुटाचा तळ आडवा चिरला आणि पुढचे तोंड उघडले. गंमत अशी, की बूट फाटला तेव्हाही भाचीचा पाय त्यात सैलच होता.

"दादा, तू एवढी वर्षं प्रयोगशाळेत रबर, प्लॅस्टिक ताणून, वाकवून, मोडून बघतोस. मग हा बूट का फाटला तेवढं सांग," बहीण म्हणाली. "माझ्या एकटीचा प्रश्न असता तर सोडून दिला असता. पण आता शाळेसाठी बूट घ्यायचे म्हटलं की सगळी पोरं डोळ्यांसमोर येतात."

तिचे म्हणणे खरे होते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे देण्याचे ठरवले. त्यासाठी दर विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले गेले आणि खरेदीचे काम शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. घरातला आईबापांचा प्रश्न असा शिक्षकांचाही झाला. एवढ्या पैशांत बूट निवडताना काय पाहावे? टिकाऊ बूट म्हणजे नेमका कोणता? उत्तर शोधायला आम्ही त्या फाटक्या बुटापासूनच सुरुवात केली.

पाय किती वाढतो?

आधी आम्ही भाचीचा पाय मोजला. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर तिला सरळ उभे केले, पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ ओढली आणि टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर घेतले. ते १७.७ सेंमी भरले.

मुलांचे पाऊल किती वेगाने वाढते, याचे मोजमाप अनेक देशांत झाले आहे. एक ते तीन वर्षांच्या वयात ते महिन्याला सुमारे दीड मिमी वाढते. तीन ते सहा वर्षांत महिन्याला सुमारे एक मिमी, आणि त्यानंतर दहाव्या वर्षापर्यंत एक मिमीपेक्षा थोडे कमी. म्हणजे जूनमध्ये भाचीचे पाऊल १७.३ सेंमीच्या आसपास असणार.

आता बुटाच्या नंबराकडे वळू. आपल्याकडे मुलांच्या बुटांवर बहुधा इंग्रजी नंबर असतात. त्यांचे सूत्र सोपे आहे : तीन नंबर म्हणजे एक इंच. मुलांचा शून्य नंबर चार इंचांपासून सुरू होतो. म्हणून १० नंबरच्या बुटाचा साचा ४ + १०/३, म्हणजे सुमारे ७.३ इंच किंवा १८.६ सेंमी लांब असतो. १२ नंबरचा ८ इंच, म्हणजे २०.३ सेंमी. (काही बुटांवर २८, ३० असे युरोपीय नंबर असतात. तिथे तीन नंबर म्हणजे दोन सेंमी.) प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा असतो, पण अंदाज बांधायला एवढे पुरते.

चालताना पाऊल किंचित पुढे सरकते आणि भार आल्यावर थोडे लांबतेही. म्हणून बोटांपुढे ५-६ मिमी मोकळी जागा कायम हवी. त्यात वाढीसाठी आणखी ६-७ मिमी धरली की एकूण सुमारे १२ मिमी होतात. जूनमध्ये १७.३ सेंमीच्या पावलाला १८.६ सेंमीचा, म्हणजे १० नंबरचा बूट बरोबर बसला असता. महिन्याला एक मिमी या वेगाने वाढीची जागा सात महिन्यांत भरली असती. शाळा सुरू होताना घेतलेला बूट संक्रांतीच्या सुमारास आखूड होऊ लागतो, असा याचा अर्थ. अडीच वर्षांच्या बाळाचा तर पाच महिन्यांतच.

हे गणित कळल्यावर "दोन वर्षे टिकणारा बूट" या शब्दांचा अर्थ बदलतो. बूट दोन वर्षे टिकला, तरी त्या मुलाचा पाय त्यात दोन वर्षे राहत नाही. मग मोठा बूट घेतला तर? आईवडील हाच विचार करतात आणि तो चुकीचा आहे असे वरवर वाटत नाही. त्याचे उत्तर बुटाच्या चिरेत होते.

वाकण्याचे गणित

आपण पाऊल टाकताना ते मध्यावर वाकत नाही. ते चवड्याशी, बोटांच्या मुळांच्या रेषेत वाकते. टाचेपासून मोजले तर ही रेषा पावलाच्या लांबीच्या साधारण ७० टक्क्यांवर येते. भाचीच्या बाबतीत जूनमध्ये ती टाचेपासून सुमारे १२ सेंमीवर होती.

बूट बनवणारेही हे जाणतात. म्हणून तळाला चवड्याखाली आडव्या खाचा देतात. तिथे तळ सहज वाकावा, ही अपेक्षा. पण १२ नंबरचा बूट १९ सेंमीच्या पावलासाठी असतो. त्यातल्या खाचा टाचेपासून १३.३ सेंमीच्या आसपास येतात. भाचीचा पाय वाकत होता त्याहून सव्वा सेंमी पुढे! आम्ही पट्टी लावून पाहिले. चीर खाचांत नव्हतीच. खाचांच्या मागे, जिथे तळ जाड आणि ताठ होता, तिथे ती पडली होती.

तारेचा तुकडा एकदा वाकवला तर तुटत नाही. पण पुन्हापुन्हा वाकवला की तुटतो. रबर आणि प्लॅस्टिक तारेपेक्षा पुष्कळ अधिक वेळा वाकणे सोसतात, इतकेच. मुलाने दिवसाला १० हजार पावले टाकली असे धरू. प्रत्येक बुटाच्या वाट्याला ५ हजार येतात. २०० दिवसांत एक बूट १० लाख वेळा वाकतो.

वाकताना तळाची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. हा ताण तळाच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो. ६ मिमी जाडीचा तळ ६ सेंमी त्रिज्येत वाकला तर त्याचा बाहेरचा थर सुमारे ५ टक्के ताणला जातो. १२ मिमी जाडीचा तेवढाच वाकवला तर १० टक्के. म्हणून "जाड तळ म्हणजे टिकाऊ" हे अर्धेच खरे आहे. जाड तळ घासून संपायला जास्त दिवस लागतात, पण वाकून तो लवकर चिरतो. खाच जाड तळाला योग्य जागी पातळ करते, म्हणून ती उपयोगी. मात्र खाचेचा तळ गोलसर हवा. टोकदार खाचेच्या कोपऱ्यात ताण एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते.

बूट मोठा असण्याचा दुसरा तोटा टोकाला दिसतो. चालताना पाय पुढे नेतो तेव्हा मोठ्या माणसाच्याही पावलाचे टोक जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंमीच वर असते. त्याच्यापुढे दोन सेंमीचे रिकामे तोंड जोडले की ते दगडाला, पायरीला अडखळणारच. मूल पडते, आणि बुटाचे नाक घासून उलते. म्हणजे जास्त दिवस पुरावा म्हणून घेतलेला मोठा बूट, मोठा असल्यामुळेच लवकर फाटला.

चिकटवण आणि चिखल

बुटाचे उघडलेले तोंड पाहिले, तर वरचा भाग तळाला नुसता चिकटवलेला होता. चिकटवलेल्या सांध्याचा एक स्वभाव असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवायचा प्रयत्न केला तर तो मोठे बळ सोसतो, कारण ते बळ सगळ्या पृष्ठभागावर वाटले जाते. पण एका कडेपासून सोलत गेले तर सारे बळ एका रेषेवर येते. भिंतीवरचे चित्र सरळ ओढून निघत नाही. कोपरा नखाने उचलला की सहज निघते. बुटाच्या टोकाशी दगड लागतो, कड किंचित उचलली जाते, तिच्यात पाणी आणि माती शिरते. पुढे प्रत्येक पाऊल ती कड थोडी-थोडी सोलत जाते. टोकाभोवती शिवण असेल तर हे सोलणे सुरूच होत नाही.

आपल्या भागात याला काळ्या मातीची जोड मिळते. बेसाल्टच्या खडकापासून झालेल्या या मातीत पाणी धरून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पावसाळ्यात ती बुटाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते. पाय उपसून काढताना बुटाखाली हवा शिरायला वाट नसते, म्हणून चिखल बुटाला खाली ओढून धरतो. ही ओढ नेमकी तळ आणि वरचा भाग यांच्या सांध्यावर, किंवा स्लीपरच्या अंगठ्यावर येते. स्लीपरचा अंगठा पावसाळ्यात सारखा निसटतो तो यामुळेच. पुढे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उघड्यावरची जमीन त्याहून कितीतरी तापते. उष्णतेने चिकटवण मऊ पडते. म्हणून ओले बूट चुलीजवळ किंवा तापलेल्या पत्र्यावर वाळवू नयेत. आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि सावलीत, वाऱ्याला ठेवावेत. कागद ओलावा शोषून घेतो आणि बुटाचा आकारही टिकतो.

तळ कशाचा असावा?

मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना टायरच्या चपला आठवत असतील. काटा शिरत नाही, दगडाने झिजत नाही. याचे रहस्य दोन गोष्टींत आहे. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना आढळले, की कच्चे रबर गंधकाबरोबर तापवले की ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत कडकही होत नाही. गंधकाचे अणू रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतात. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी असे दिसून आले, की रबरात काजळी मिसळली तर त्याची झीज कितीतरी कमी होते. टायर काळे असतात ते त्या काजळीमुळे.

मग मुलांना टायरचाच तळ का देऊ नये? कारण १८-२० किलो वजनाच्या मुलाच्या अंगात तो वाकवण्याएवढा जोर नसतो. बूट वाकला नाही तर मूल पाय फरफटत चालते. मुलाच्या बुटाला तळ हवा तो झीज सोसणारा, पण मुलाच्या हाताने चवड्याशी वाकेल असा.

बाजारात मुलांच्या बुटांचे तळ मुख्यतः चार प्रकारचे मिळतात. पीव्हीसी स्वस्त व झीज बऱ्यापैकी सोसणारे, पण जड आणि थंडीत ताठरणारे. ईव्हीए म्हणजे हवेच्या बंद बुडबुड्यांचा हलका फेस. पायाला सुखाचा, पण खडीवर लवकर झिजणारा आणि टाचेखाली दबून बसणारा. रबर टिकाऊ, पण महाग. आणि पॉलियुरेथेन हलके व मजबूत, पण त्याच्या काही प्रकारांचे दमट हवेत पाण्यामुळे हळूहळू विघटन होते. कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा तळ एक दिवस भुगा होऊन पडतो तो याच कारणाने. म्हणून दुकानात फार दिवस पडून असलेला माल स्वस्तात मिळाला तरी विचार करावा.

वर्गात एक प्रयोग करून पहा. बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून तळांचे निरनिराळे टाकाऊ तुकडे आणा आणि बादलीभर पाण्यात टाका. ईव्हीए तरंगेल, पीव्हीसी आणि टायरचे रबर बुडेल. मग प्रत्येक तुकडा सारख्याच जोराने खरखरीत दगडावर पन्नास वेळा घासा. आधी आणि नंतर जाडी मोजा. हलकेपणा आणि टिकाऊपणा एकाच पदार्थात का सापडत नाहीत, हे मुले स्वतःच सांगतील.

मग अनवाणीच बरे का?

हा प्रश्न बहिणीच्या सासऱ्यांनी विचारला. "आम्ही चौथीपर्यंत अनवाणी गेलो, आमचे पाय कुठं बिघडले?" प्रश्न गैर नाही. जन्मतः बाळाच्या पावलाचा बराचसा भाग हाडाचा नसून कूर्चेचा असतो. घोट्याजवळच्या सात हाडांपैकी जन्माच्या वेळी दोन-तीनच हाडे बनू लागलेली असतात. पावलाच्या कमानीतले नौकेच्या आकाराचे हाड तर तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बनू लागते. अशा मऊ पावलावर घट्ट बुटाचा दाब पडला तरी लहान मूल नेहमी तक्रार करत नाही. पाऊल मुकाट्याने बुटाचा आकार घेते.

कर्नाटकात राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचे प्रमाण ८.६ टक्के होते. अनवाणी राहणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत अधिक, चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी. लहानपणी पावलाचे स्नायू मोकळेपणी हलले तर कमान चांगली घडते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

पण अनवाणी पायाची दुसरी बाजूही आहे. अंकुशकृमीच्या अळ्या दूषित, ओल्या मातीत राहतात आणि पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. १८९८ साली कैरोमध्ये आर्थर लूस यांच्या हातावर अशा अळ्यांचे पाणी चुकून सांडले आणि पुढे त्यांनाच संसर्ग झाला. त्यातून हा मार्ग कळला. आतड्यात हे कृमी रक्त शोषतात आणि मूल फिकट, मरगळलेले होते. आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या गोळ्या शाळांमधून दिल्या जातात. पण गोळी आजचे जंत मारते, उद्याचे अडवत नाही. शिवाय बाभळीचा काटा, विंचू आणि तापलेली वाट आहेच.

त्यामुळे रस्त्यावर, शेतात आणि शौचाला जाताना पादत्राण हवे. घरात आणि वर्गात पाय मोकळे असावेत. वर्गाबाहेर चपला-बूट काढून बसण्याची आपल्या शाळांची पद्धत पायाला चांगली, आणि बुटाचे वाकणेही तेवढे वाचते.

शाळेत काय करता येईल?

नैरोबीत २००७ साली केन्टन ली या अमेरिकन तरुणाला एक लहान मुलगी दिसली. बूट आखूड झाल्याने तिने त्यांची तोंडे कापून बोटे बाहेर काढली होती. त्यातून पुढे पाच नंबरांपर्यंत वाढवता येणारी सँडल तयार झाली. त्यामागचा विचार आपल्याला नवा नाही. भोके पाडलेला पट्टा आणि उघडे तोंड असलेली साधी सँडलसुद्धा बंद बुटापेक्षा वाढत्या पायाला थोडे अधिक दिवस पुरते. ज्यांना घरच्यासाठी निवडायला मोकळीक आहे, त्यांनी मागे पट्टा असलेल्या सँडलचा विचार अवश्य करावा.

शाळेला बूटच घ्यायचे असतील तर यत्तेवरून नंबर ठरवू नयेत. खरेदीच्या आठवड्यात प्रत्येक मुलाचे पाऊल कागदावर आखावे. दुपारनंतर आखावे, कारण दिवसभरात पाऊल किंचित फुगते. दोन्ही पावले आखून मोठे धरावे. आकृतीच्या बोटांपुढे १२ मिमी वाढवून पुठ्ठा कापावा आणि तो बुटात सरकवून पाहावा. न मुडपता सपाट बसला तर बूट बरोबर. मग बूट हातात घेऊन वाकवावा; तो मध्यावर नव्हे, चवड्याशी वाकला पाहिजे. टोकाभोवती शिवण आहे का ते पाहावे. टाचेची मागची भिंत बोटाने दाबावी. ती सहज चेपू नये.

हीच पावले दर तीन महिन्यांनी पुन्हा आखली तर चौथी-पाचवीच्या मुलांना वाढीचा आलेख काढता येईल. कोणाचे बूट आखूड झाले तेही त्याच दिवशी कळेल. झीज पाहण्याची सवयही लावावी. टाचेची बाहेरची मागची कड आधी झिजणे स्वाभाविक आहे. पण एकाच बुटाची आतली कड फार झिजत असेल, तर पालकांना सांगून मुलाचे पाऊल डॉक्टरांना दाखवावे.

संक्रांतीला आखूड झालेल्या, पण न फाटलेल्या बुटांचे काय? टिकाऊपणाचा खरा उपयोग इथे आहे. मजबूत बूट एका मुलाला दोन वर्षे पुरत नाही, पण दोन-तीन मुलांना एकामागून एक पुरू शकतो. वर्गाच्या कपाटात एक फळी यासाठी ठेवावी. आखूड झालेला बूट पुसून, पूर्ण वाळवून, आत सेंमीत लांबी लिहून ठेवावा. टाच एका बाजूला झिजलेली असेल तर तो पुढे देऊ नये. पायमोजे मात्र ज्याचे त्यालाच.

निघताना आम्ही भाचीच्या पावलाची आकृती कापून तिच्या वहीत ठेवली. बहिणीने तिच्या टोकाला तारीख लिहिली आणि पुठ्ठा शोधायला आतल्या खोलीत गेली. १७.७ अधिक १.२, म्हणजे १८.९. नवा बूट घ्यायचा होता.